क्रोशाचं गोल आसन पाचव्या फेरीनंतर वाटीसारखं वळतं, फेरीत नेमके किती खांब वाढवायचे?

नौपाड्याची_सुई (ठाणे)

रुखवतात मांडायला ६० सेंमी व्यासाचं गोल आसन करायचं आहे. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरचा, म्हणजे विणकाम सगळं पावसाळ्यातच होणार. दोरा ४ प्लाय सुती, सुई ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची. मधला भाग पांढरा, त्याबाहेर लाल, शेवटी पुन्हा पांढरी किनार.

मॅजिक रिंगमध्ये (ओढून आवळता येणाऱ्या सुरुवातीच्या फासात) १२ खांब, म्हणजे उंच टाके, आणि पुढे दर फेरीत १२ ची वाढ, असं सगळीकडे सांगतात. मोजणी तशीच आहे: १२, २४, ३६ करत आठव्या फेरीला ९६. चौथ्या फेरीपर्यंत तुकडा सपाट बसतो, पाचवीपासून कड उचलायला लागते आणि आठवीला चक्क वाटी होते. ३.५ मिमीची सुई घेतली तर वीण सैल पडते, वाटी मात्र तशीच. सरळ ओळींचा नमुना करून मोजला तर १० सेंमी रुंदीत २० खांब आणि १० सेंमी उंचीत ९ ओळी भरतात.

वाढ किती ठेवायची? झालेला तुकडा धुऊन, ताणून सपाट होईल का, की उसवायचाच? शिवाय फेऱ्या जिथे जुळतात ती रेघ सरळ न येता उजवीकडे तिरकी सरकते, त्यालाही उपाय सांगा. आणि एकूण दोरा किती ग्रॅम लागेल, म्हणजे एकाच लॉटचा (एकाच वेळी रंगवलेला) घेऊन ठेवता येईल.

---

खांबसाखळी (नेरूळ)

तुमची मोजणी बरोबर आहे. १२ हा आकडा तुमच्या हाताला लागू पडत नाही, एवढंच. नमुन्याचे आकडे दिलेत ते फार चांगलं केलंत, उत्तर त्यांच्यातच आहे.

गोल सपाट राहायचा असेल तर प्रत्येक नव्या फेरीचा घेर आधीच्या फेरीपेक्षा एका ठरावीक मापाने वाढायला हवा. ते माप म्हणजे खांबाची उंची गुणिले ६.२८. एका खांबाची उंची वाढली की त्रिज्या तेवढी वाढते, आणि त्रिज्येच्या ६.२८ पट घेर, म्हणून. आता तुमचं बघा. १० सेंमीत ९ ओळी, म्हणजे खांब १.११ सेंमी उंच. १० सेंमीत २० खांब, म्हणजे खांब अर्धा सेंमी रुंद. दर फेरीला घेर वाढायला हवा १.११ × ६.२८ = ६.९७ सेंमी. बारा खांबांनी वाढतो १२ × ०.५ = ६ सेंमी. दर फेरीला जवळजवळ एक सेंमी कमी पडतो आणि तो साठत जातो. आठव्या फेरीला घेर साधारण ५६ सेंमी हवा, तुमचा आहे ४८. सुरुवातीच्या तीन-चार फेऱ्यांत ही तूट वीण सहन करते, म्हणून तोवर सगळं ठीक दिसतं.

सुई बदलून फरक का पडला नाही, तेही यातच आलं. जाड सुईने खांब रुंद होतो आणि जवळपास तेवढ्याच प्रमाणात उंचही होतो. वाटी होणं ठरतं ते उंची आणि रुंदीच्या गुणोत्तरावर, आणि ते हललंच नाही. सगळीकडे सांगतात तो १२ चा आकडा खांब रुंदीच्या दुप्पट उंच धरून काढलेला आहे. तुमचा खांब २.२ पट उंच आहे. २.२२ × ६.२८ म्हणजे १३.९, तेव्हा १४ ने वाढवा.

दुसरा मार्ग म्हणजे खांबाची उंची कमी करणं. सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन घरातून (आधीच्या फेरीतल्या खांबाच्या डोक्यातून) पहिला फास बाहेर ओढता ना, तो किती उंच उचलता यावर खांबाची उंची ठरते. पुढचे दोन ओढे त्यावरच बसतात. तो फास सुईच्या जाडीइतकाच ठेवला की खांब बुटका होतो. पण हाताची सवय सहाशे-हजार खांबांनंतर परत मूळ पदावर येते आणि आसनाच्या मध्यावर एक वीण, कडेला दुसरी, असं होऊन बसतं. त्यापेक्षा हात आहे तसा राहू द्या, आकडा बदला.

झालेला तुकडा उसवा. ५६ च्या जागी ४८ म्हणजे घेर १४ टक्के कमी आहे आणि सुती दोऱ्याला लोकरीसारखा ताण नसतो. पिना लावून कड ओढलीत तर वाळेपर्यंत सपाट राहील, पिना काढल्या की परत उचलेल. पुढच्या फेऱ्यांत एकदम जास्त खांब घालून भरपाई करण्याचाही उपयोग नाही. बाहेरची कड सुटी पडते, पण मधला खळगा तसाच राहतो आणि आसनाला फुगवटा येतो. दुसऱ्या फेरीपर्यंत मागे जा, खरं तर रिंगपासूनच सुरू करा, कारण रिंगमध्येच १४ हवेत.

उसवलेला दोरा वाकडातिकडा राहतो. लगेच विणायला घेतलात तर टाके उंचसखल दिसतील. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, भिजवून पिळा आणि टांगून वाळवा.

---

उलट_सुलट (कोपरखैरणे)

वरचं गणित अचूक आहे, पण एक गोष्ट त्याआधी करा: नमुना धुवा. न धुतलेल्या सुती नमुन्यावरून आसनाचा आकडा ठरवू नका. सुती वीण पहिल्या धुण्यात आटते आणि उंची-रुंदीत सारखी आटत नाही, त्यामुळे ते २.२ चं गुणोत्तर बदलू शकतं. नमुना निदान १५ सेंमी चौरस हवा. आसन जसं धुणार तसाच धुवा, न ताणता सपाट वाळवा, आणि पावसाळ्यात हाताला कोरडा लागला तरी पंख्याखाली आणखी एक रात्र ठेवून मग मोजा. मोजताना कडेचे दोन-दोन खांब सोडून मधले १० सेंमी घ्या.

लाल-पांढरं करताय म्हणून दुसरी तपासणी. लाल दोऱ्याचा हातभर तुकडा गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळा आणि गरम इस्त्रीने फडकं वाळेपर्यंत दाबा. फडक्यावर गुलाबी छटा दिसली तर त्या लाल दोऱ्याच्या लडी करून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत कोमट पाण्यात धुऊन काढा आणि मगच विणायला घ्या. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं खूप जण सांगतात. रंगवून आलेल्या सुती दोऱ्यावर त्याने काही होत नाही. सुटणारा जादा रंग धुऊन काढणं हाच उपाय आहे.

व्हिडिओ बघून करत असाल तर तो अमेरिकन आहे की ब्रिटिश ते बघून घ्या. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, सुईवर वेढा न घेता केलेला बुटका टाका. सपाट गोलाला मुक्या खांबाची वाढ ६, अर्ध्या खांबाची ८ ते ९, पूर्ण खांबाची १२ च्या आसपास. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला की टोपी तरी होते, नाहीतर झालर.

---

नौपाड्याची_सुई (ठाणे)

दोघांचेही आभार. नमुना धुऊन, दोन रात्री पंख्याखाली ठेवून मोजला. आता १० सेंमीत २१ खांब आणि १० ओळी येतात. म्हणजे खांब ०.४७६ सेंमी रुंद, १ सेंमी उंच. गुणोत्तर २.१, आणि वाढ १३.१९. १३ घेऊ की १४? १३ घेतली तर वाढीच्या जागा कशा वाटायच्या? आणि घरच्यांना किनारीला दोन फेऱ्यांची झालर हवी आहे, तिचाही दोरा हिशेबात धरायला हवा.

---

खांबसाखळी (नेरूळ)

१३ घ्या. उरलेला ०.१९ खांब म्हणजे फेरीला ०.०९ सेंमीची तूट. तीस फेऱ्यांत पावणेतीन सेंमी, तेही १८८ सेंमीच्या घेरात. दीड टक्का. एवढं ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे ओलं काम पिना लावून मापात वाळवताना, सहज बसतं. १४ घेतलीत तर याच्या चौपट जास्तीचा घेर होईल आणि कड लाटा मारेल. थोडी तूट पिनांनी ओढून घेता येते, पण जास्तीचा कपडा दाबून कमी करता येत नाही. म्हणून आकडा दोन पूर्णांकांच्या मधे आला की लहानाकडे झुका. एक लक्षात ठेवा, धुण्याआधी काम किंचित वाटीसारखं दिसेल, कारण तुमचा न धुतलेला खांब उंच आहे. कड बोटभर उचलली तर घाबरून उसवू नका.

फेऱ्या अशा: रिंगमध्ये १३. दुसरीत प्रत्येक घरात दोन, म्हणजे २६. तिसरीत एका घरात एक, पुढच्यात दोन, असं तेरा वेळा, ३९. चौथीत दोन घरांत एकेक, तिसऱ्यात दोन, ५२. पुढे दर फेरीला दोन वाढींच्या मधे एकेक घर जास्त. फेरीचा क्रमांक गुणिले १३ एवढे खांब भरले पाहिजेत, हीच तपासणी.

वाढ दर वेळी आधीच्या वाढीच्या डोक्यावर आली तर गोलाऐवजी तेरा कोपऱ्यांचा आकार दिसायला लागतो, विशेषतः पांढऱ्यावर लाल सुरू होतं तिथे. म्हणून सम फेऱ्यांत वाढ मधोमध सरकवा. उदाहरणार्थ सहाव्या फेरीत चार एकेक आणि मग दोन, याऐवजी आधी दोन एकेक, मग एका घरात दोन, मग पुन्हा दोन एकेक. एकूण तेवढेच, कोपरा मात्र मोडतो.

आता जुळणीची रेघ. उजव्या हाताने विणताना खांबाचं डोकं त्याच्या पायापेक्षा जरा उजवीकडे बसतं, म्हणून एकाच बाजूने फेरीवर फेरी घेतली की जोड उजवीकडे सरकतोच. फेरी संपल्यावर काम उलटून पुढची फेरी मागच्या बाजूने घेतलीत तर एक फेरी उजवीकडे, एक डावीकडे, आणि रेघ जागेवर राहते. आसनाच्या दोन्ही बाजू मग सारख्याच दिसतात, ते इथे चालेल. दुसरा दोष फेरीच्या सुरुवातीला पहिल्या खांबाऐवजी घेतात त्या तीन साखळ्यांचा असतो. त्या बारीक पडतात आणि शेजारी फट राहते. त्यांच्याऐवजी पहिल्या घरात एक मुका खांब घ्या, मग त्याच मुक्या खांबाच्या डाव्या पायातून सुई घालून त्यावर दुसरा मुका खांब. ही जोडी एका खांबाएवढी उंच आणि तेवढीच भरीव होते, आणि मोजणीत एक खांब धरायची.

मोजणी चुकते ती जवळपास नेहमी याच जागी. फेरी बंद करताना स्लिप स्टिच (उंची नसलेला जोडटाका) पहिल्या खांबाच्या डोक्यात घ्यायची. त्या स्लिप स्टिचला स्वतःचं घर दिसतं, त्यात खांब घातला की दर फेरीला एक जास्त होतो. आणि तिच्या मागे दडलेलं शेवटचं खरं घर सुटलं की एक कमी होतो. फेरीच्या पहिल्या खांबाच्या डोक्यात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

दोऱ्याचा हिशेब वजनावर करा, मीटरवर नको. आठ फेऱ्या झाल्या की तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. ६० सेंमीला ३० फेऱ्या लागतील. दर फेरीचे खांब तिच्या क्रमांकाच्या पटीत असतात, म्हणून ३० फेऱ्यांचे एकूण खांब आठ फेऱ्यांच्या किती पट ते असं निघतं: (३० × ३१) भागिले (८ × ९), म्हणजे ९३० ÷ ७२ = १२.९. आठ फेऱ्यांचं वजन समजा १२ ग्रॅम भरलं, तर आसनाला १५५ ग्रॅम. शेंड्या आणि रंग बदलताना जाणारा दोरा धरून १० टक्के जास्त, १७० ग्रॅम. यात रंगांची वाटणी करताना फसू नका: ३० पैकी बाहेरच्या १० फेऱ्यांतच निम्म्याहून जास्त, ५५ टक्के दोरा जातो. लाल पट्टा जितका बाहेर, तितका लाल दोरा जास्त.

---

वर्तुळ_आणि_विणकाम (घोडबंदर रोड)

झालरीपुरतं लिहिते. सपाट गोलात घेर दर फेरीला सारख्याच मापाने वाढतो. झालरीत तो पटीने वाढतो. याच गुणधर्मावरून कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये हायपरबोलिक प्रतलाची (सपाट न राहता सगळीकडे लाटा घेणाऱ्या पृष्ठभागाची) क्रोशाची प्रतिरूपं केली. तोवर ती कागदाच्या पट्ट्या चिकटवून करत, आणि हाताळताना ती फाटत. त्यांची रीत साधी आहे: दर ठरावीक टाक्यांनंतर एक वाढ, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलायचं नाही. प्रत्येक पाचव्या घरात दोन असं ठरवलं की प्रत्येक फेरी आधीच्या १.२ पट होते, आणि कापड आपोआप लाटा घ्यायला लागतं.

तुमच्या किनारीला हेच प्रमाण दोऱ्याच्या दृष्टीने बघा. तिसाव्या फेरीत ३९० खांब आहेत. झालरीसाठी नेहमी करतात तसे दोन्ही फेऱ्यांत प्रत्येक घरात दोन घेतले, तर पहिलीत ७८० आणि दुसरीत १५६०. दोन्ही मिळून २३४०. आख्ख्या आसनात ६०४५ खांब आहेत. म्हणजे दोन फेऱ्यांच्या झालरीला आसनाच्या ३९ टक्के दोरा लागतो, वरच्या हिशेबाने आणखी ६० ग्रॅम, आणि तोही सगळा पांढरा. माझं मत विचाराल तर पहिल्या फेरीत प्रत्येक दुसऱ्या घरात दोन घ्या (५८५), दुसरीत प्रत्येक घरात एकच (५८५). एकूण ११७०, म्हणजे निम्मा दोरा. लाटा मोकळ्या पडतात आणि आसनावर बसलं तर चुरगळत नाहीत. दाट झालर समईखालच्या किंवा कलशाखालच्या छोट्या रुमालाला शोभते. बसायच्या आसनाला ती दाबून चपटी होते आणि धुतल्यावर वाळायला वेळ लागतो.

झालर धरून लागेल तेवढा दोरा एकाच वेळी, लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घ्या. पांढऱ्यातही लॉटचा फरक पडतो. एक निळसर, एक पिवळसर. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो कळत नाही, तेव्हा गुंड्या दारापाशी नेऊन उजेडात शेजारी धरून बघा.

---

दोरा_आणि_खळ (वाशी)

शेवटच्या टप्प्याबद्दल, कारण आपल्याकडच्या दमट हवेत बरीच कामं तिथे बिघडतात.

पिना स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. साध्या टाचण्या ओल्या सुती कापडात एक रात्र राहिल्या तरी गंजाचा ठिपका सोडतात, आणि पांढऱ्यावरचा तो डाग जात नाही. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, जांभळी नाक्यापर्यंतच्या बाजारात शिवणसाहित्याच्या दुकानात विचारा. खात्री नसेल तर एक पिन ओल्या कापसात रात्रभर ठेवून बघा. लहान मुलांच्या जोडत्या फोम मॅट अंथरा, वर जुनी पांढरी चादर, आणि तिच्यावर पेन्सिलीने ६० सेंमीचं वर्तुळ. खाली वर्तमानपत्र घेऊ नका, शाई उतरते.

आसन भिजवा, टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढा, पिळू नका. आधी समोरासमोर चार पिना, मग त्यांच्या मधे चार, असं करत दर सहा सेंमीला एक, साधारण ३२. एका बाजूने ओढत गेलात तर गोल लंबगोल होतो. झालर असेल तर पिना झालरीला लावायच्या नाहीत, तिच्या आतल्या तिसाव्या फेरीला लावायच्या. लाल-पांढरं काम ओलं असताना घडी घालून ठेवायचं नाही, अगदी दहा मिनिटंसुद्धा. जुलै-ऑगस्टमध्ये छताच्या पंख्याखाली वाळायला २४ तासांपेक्षा जास्त लागतात. जोडाच्या रेघेपाशी वीण सगळ्यांत जाड असते, तिथे हात लावून बघा; तिथे कोरडं असेल तरच पिना काढा.

खळ आत्ता घालूच नका. खळ म्हणजे पीठ. दमट कपाटात त्यावर बुरशी धरते आणि झुरळं-कसर येते. आसन धुऊन, खळ न घालता, पूर्ण वाळवून जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळी करून ठेवा. घडी नको, कारण घडीची रेघ गोल कामावर फार उठून दिसते. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. खळ लग्नाच्या आठवड्यात घाला, तोवर हवाही कोरडी झालेली असते. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर अर्धी वाटी थंड पाण्यात गुठळी न होता कालवा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओता, पारदर्शक होईपर्यंत दोन-तीन मिनिटं ढवळा, गाळा, कोमट झाल्यावर आसन बुडवा. एवढ्या प्रमाणाने हलकी खळ बसते. झालर उभी राहायला हवी असेल तर तेवढ्याच पाण्यात दोन चमचे घ्या, पण ती फक्त झालरीलाच बोटांनी लावा. पाण्यात कालवलेला फेविकॉल काही जण लावतात. तो नीट धुऊन निघत नाही, म्हणून पुढे वापरायच्या आसनाला नको.

विणतानाची एक सूचना राहिली. पावसाळ्यात हाताला घाम येतो, सुती दोरा दमट होऊन अ‍ॅल्युमिनियमच्या सुईवर अडतो आणि हात नकळत घट्ट होतो. तुमची सगळी मोजणी पहिल्या फासाच्या उंचीवर उभी आहे, तेव्हा दर पाच फेऱ्यांनी मध्यापासून कडेपर्यंत पट्टी ठेवा. एका फेरीला सुमारे १.१ सेंमी, म्हणजे दहाव्या फेरीला ११ सेंमी भरायला हवेत, कारण न धुतलेला खांब तेवढा आहे. साडेदहाच्या खाली गेलं तर हात आवळलाय असं समजा. सुई कोरड्या फडक्याने पुसा, दोन्ही हातांना चिमूटभर टाल्कम पावडर लावा, आणि दोऱ्याची गुंडी झाकणाच्या डब्यात ठेवून झाकणाला पाडलेल्या भोकातून दोरा ओढा.